काळा कोट उतरवताना

२७ वर्षे दिवाणी न्यायालयात उभे राहिल्यानंतर, वयाच्या ५४ व्या वर्षी, मी पुण्याच्या एका संगणक कंपनीत नोकरीस लागलो. बेळगावच्या आमच्या बार रूममध्ये ही वार्ता पोहोचली तेव्हा काहींनी अभिनंदन केले, काहींनी प्रकृतीची चौकशी केली. एका ज्येष्ठ स्नेह्यांनी मात्र थेट विचारले, "वकीलसाहेब, सनदेचे काय करणार?"

प्रश्न नेमका होता. पूर्ण वेळ पगारी नोकरी आणि वकिली या दोन्ही गोष्टी एकत्र चालत नाहीत. भारतीय विधिज्ञ परिषदेचा नियम ४९ तसे स्पष्ट सांगतो. नोकरी धरली की परिषदेला कळवायचे आणि नोकरी असेपर्यंत व्यवसाय थांबवायचा. म्हणजे चालू दावे सहकाऱ्यांच्या स्वाधीन करणे आले, पक्षकारांच्या घरी जाऊन समजूत काढणे आले, आणि कोट खुंटीला टांगणे आले. वाटणीच्या एका दाव्यात माझ्याकडे आजोबा, मुलगा आणि आता नातू अशा तीन पिढ्या येत होत्या. त्या नातवाने नव्या वकीलपत्रावर सही करताना माझ्याकडे पाहिलेही नाही. त्याचा राग मला समजतो.

तरीही गेलो, कारण काम माझ्या जिव्हाळ्याचे होते. ही कंपनी खरेदीखते, वाटणीपत्रे, मृत्युपत्रे आणि फेरफाराच्या नोंदी वाचून त्यांचा इंग्रजीत गोषवारा देणारे सॉफ्टवेअर तयार करते. बँकेला कर्ज देण्यापूर्वी ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट लागतो, त्यासाठी हे साधन. यंत्राकरवी कायद्याचे भाषांतर ही आता दूरची गोष्ट राहिलेली नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्येच निकालांच्या भाषांतरासाठी 'सुवास' नावाचे सॉफ्टवेअर वापरात आणले. यंत्र मराठी दस्त वाचणारच असेल, तर त्याला मराठी शिकवणारा माणूस दस्त वाचलेला असावा, एवढेच माझे म्हणणे होते.

पहिले काही आठवडे कठीण गेले. माझ्या वरिष्ठ बाई माझ्या मुलीच्या वयाच्या. त्या मला 'सर' म्हणतात आणि मीही त्यांना 'मॅडम' म्हणतो. त्यांना त्याचा संकोच वाटतो, मला वाटत नाही; न्यायासनावर बसलेल्या तरुण न्यायाधीशांपुढे वाकण्याची सवय आम्हा वकिलांना असतेच. अडचण निराळी होती. रोज सकाळी ९.३० वाजता सर्वांनी काल काय केले, आज काय करणार, हे दोन मिनिटांत सांगायचे. दोन मिनिटांत वकील नमनाचे तेलही पुरे जाळत नाही! शिवाय 'तारीख' या शब्दाचा अर्थच इथे उलटा. न्यायालयात तारीख मिळते, इथे तारीख पाळावी लागते.

आता मुख्य गोष्टीकडे वळतो. चंदगड तालुक्यातील एक खरेदीखत तपासणीसाठी माझ्यापुढे आले. लिहून देणारी विधवा स्त्री, स्वतःकरिता आणि 'अज्ञान मुलाची अ.पा.क. आई' म्हणून सही करणारी. अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता, हे आपल्या भागातील कोणताही दस्तलेखक झोपेतही सांगेल. यंत्राने 'अज्ञान'चे इंग्रजी केले 'अडाणी', आणि 'अ.पा.क.' ही अक्षरे निरर्थक समजून गाळून टाकली. गोषवाऱ्यात उरले ते असे, की एका बाईने आणि तिच्या अडाणी मुलाने जमीन विकली.

वाचताना हसू येते, पण परिणाम हसण्याजोगा नाही. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ याच्या कलम ८ प्रमाणे नैसर्गिक पालकास अज्ञानाची स्थावर मिळकत न्यायालयाच्या पूर्वपरवानगीशिवाय विकता येत नाही. विकलीच, तर तो मुलगा सज्ञान झाल्यावर तीन वर्षांच्या आत व्यवहार रद्द करून मागू शकतो. म्हणजे त्या एका शब्दात एका पोराचा हक्क आणि एका खरेदीदाराची जन्माची पुंजी अडकलेली असते. 'अज्ञान' म्हणजे मूर्ख नव्हे, कायद्याने अद्याप जाणता न मानलेला. 'सज्ञान' त्याचा जोडीदार. हा अर्थ साध्या शब्दकोशात शोधला तर दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकावर येईल. दस्तात मात्र तोच पहिला.

असे शब्द मग रोजच भेटू लागले. 'कैफियत' म्हणजे प्रतिवादीचे लेखी म्हणणे. यंत्राला त्यात रडगाणे ऐकू येते. इंग्रजीतून मराठीत येताना 'मोबदला' या अर्थाच्या शब्दाचा 'विचार' होतो आणि मालकी हक्काचे 'शीर्षक' होते.

दुसरी अडचण अर्थाची नसून लिपीची. 'जमीन' हा शब्द संगणकाला शोधायला सांगितला तर 'जमिनीचे', 'जमिनीत' ही रूपे त्याला सापडत नाहीत. सामान्यरूप होताना दीर्घ मी ऱ्हस्व होतो, आणि संगणकाच्या दृष्टीने ही दोन निरनिराळी चिन्हे आहेत. इंग्रजीसाठी लिहिलेला शोध मराठीला असा लंगडा पडतो. हे माझ्या तरुण सहकाऱ्यांना ठाऊक होते. पण त्यामुळे ३० वर्षांच्या शोधात एखादी बोजाची नोंद निसटू शकते, हे त्यांना माझ्याकडून कळले. उलट, 'न्यायालय' हा शब्द साठवायला २४ बाइट लागतात, इंग्रजीतील प्रत्येक अक्षराला एक पुरतो आणि देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन, हे मला त्यांच्याकडून कळले. जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलेले दस्त उघडले की पडद्यावर जी अक्षरांची भेळ दिसते, तिचे कारणही मी आता कुठे शिकलो. आमच्या कचेरीत त्याला आम्ही 'व्हायरस' म्हणत असू.

आमच्यात खरा मतभेद झाला तो निराळ्याच मुद्द्यावर. मॅडमचे म्हणणे, एका अर्थाला एक शब्द ठरवावा. पण मराठी एकाच महसूल खात्याखाली नांदत नाही. महाराष्ट्रात गाव नमुना ७ आणि १२ मिळून 'सातबारा' झाला. गोव्यात त्याच जागी 'एक-चौदा' आहे, शिवाय 'मुंडकार' हा महाराष्ट्रात अनोळखी असलेला हक्कदार आहे. आमच्याकडे 'उतारा' म्हणतात आणि सरकारी कागदावर 'पहाणी' असते. महाराष्ट्रातील यंत्राला पहाणी म्हणजे पिकाची पाहणी वाटते. १९५६ पूर्वी आम्ही मुंबई राज्यात होतो, त्यामुळे जुन्या कागदांत आणखी वेगळी परिभाषा आढळते, आणि पुष्कळ कागद मोडीत. मोडीला युनिकोडमध्ये २०१४ मध्ये जागा मिळाली, पण ती वाचणारे हात थोडे उरले आहेत. बडोद्यात सयाजीराव महाराजांनी राज्यकारभाराच्या शब्दांचा 'श्री सयाजी शासन शब्द कल्पतरू' हा बहुभाषी कोश १९३१ मध्ये प्रसिद्ध करविला. तिथल्या जुन्या मराठी दस्तांना तीच किल्ली लागेल.

मी म्हणालो, प्रत्येक शब्दापुढे 'प्रांत' असा एक रकाना ठेवा. मॅडम म्हणाल्या, रकाना ठेवू, पण तो भरायला पुरेसे दस्त कुठे आहेत? या प्रश्नावर माझ्याकडे युक्तिवाद नव्हता. मग तीन महिन्यांची मुदत ठरली. तोवर महाराष्ट्राबाहेरच्या मराठी दस्तांतील शब्द पुरेसे जमले तर रकाना राहील, नाहीतर सर्वत्र पुण्याचा शब्द लागू होईल.

त्यातील पाच आठवडे सरले आहेत. बेळगाव, खानापूर, निपाणी इथून बरेच शब्द मिळाले. आमच्या जुन्या दस्तलेखकांनी वह्या उघडून दिल्या. गोव्यातून थोडे आले. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे आणि हैदराबाद यांचे रकाने कोरे आहेत. तेथील वाचकांपैकी कोणाच्या घरी वाडवडिलांची खरेदीखते, वाटणीपत्रे किंवा इनामाचे कागद असतील, तर त्यांनी कृपया ती पेटी एकदा उघडावी. कागद नको, त्यातील नावे नकोत, सर्व्हे नंबरही नको. न कळणारे शब्द, ते ज्या वाक्यात आले ते वाक्य, आणि दस्ताचे साल व गाव, एवढे पुरे आहे.