देखाव्यांची मांडामांड

आमच्या घोडपदेवच्या बिऱ्हाडीं संगणकावरील विमानाचा विषय आला तो पुतण्याच्या हौसेमुळें, आणि टिकला तो आमच्या तीर्थरूपांमुळें. नाना आज अठ्ठ्याऐंशी वर्षांचे आहेत. गेल्या पावसाळ्यांत पडल्यापासून त्यांचें जिना उतरणें बंद झालें. दिवेलागणीस खुर्चींत बसविलें तर अर्धा तास बसतात. पुढें पाठ भरून येते व आडवें व्हावें लागतें. ज्यांनीं पोर्ट ट्रस्टच्या नोकरींत रे रोडपासून बॅलार्ड पियरपर्यंतचा मुलूख जन्मभर पायांखालीं घातला, त्यांना आतां खिडकींतून समोरचा नवा मनोरा तेवढा दिसतो. एके दिवशीं पुतण्या सहज बोलून गेला, "आजोबा, तुम्हांला आपलें घर विमानांतून दाखवूं का?" नाना म्हणाले, "दाखव."

असल्या आभासी विमानांचें मूळ, वाचकांस गंमत वाटेल, वाद्यांच्या कारखान्यांत आहे. अमेरिकेंत एडविन लिंक नांवाच्या तरुणानें १९२९ सालीं आपल्या वडिलांच्या ऑर्गन-पियानोच्या कारखान्यांत, ऑर्गनचेच भाते वापरून, जमिनीवर उभें राहून डोलणारें एक विमान केलें. आपल्या संगीत नाटकांच्या पडद्यापुढें ज्या भात्यांनीं पदांना साथ केली, त्यांच्याच जातभाईंनीं पुढें वैमानिक घडविले! पुतण्याचें विमान मात्र 'एक्स-प्लेन' नांवाच्या सॉफ्टवेअरचें आहे आणि त्यांत भाता नाहीं. त्यांत सर्व खटाटोप देखाव्यांचा. मूळ सॉफ्टवेअरबरोबर येणारी मुंबई ओबडधोबड असते; म्हणून हौशी मंडळी उपग्रहचित्रें, विमानतळ, घरें, झाडें असे निरनिराळे देखावे वरून जोडतात. पुतण्यानें असे देखावे दोन वर्षें, कोठारांत धान्य भरावें तसे भरून ठेविले होते.

त्याचें फळ पहिल्याच सायंकाळीं मिळालें. नाना खुर्चींत बसले आणि पडद्यावर एक पट्टी मुंगीच्या पावलांनीं सरकूं लागली. आम्हीं मनगटावरचें घड्याळ पाहून ठेविलें होतें. जुहूची धावपट्टी दिसूं लागली तेव्हां चौदा मिनिटें गेलीं होतीं. (जुहूचा आग्रह नानांचा, १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटांनीं कराचीहून टपाल घेऊन विमान उतरविलें तें जुहूसच, हें ते आम्हांस लहानपणापासून सांगत आले आहेत.) विमान माहीमपर्यंत आलें न आलें तोंच त्यांनीं खुर्चीच्या हातावर बोटें वाजविलीं. आम्हीं त्यांना आडवें केलें. चेहऱ्यावर तक्रार नव्हती. "उद्यां पाहूं," एवढेंच म्हणाले. परंतु अठ्ठ्याऐंशीव्या वर्षीं 'उद्यां' या शब्दाचें मोल काय असतें, हें ज्या घरांत वृद्ध मंडळी आहेत त्या घरांस सांगावयास नको.

आमचा पहिला राग पडला तो आल्प्स पर्वतावर. घोडपदेव पाहावयास निघालेल्या माणसाच्या गांठोड्यांत स्वित्झर्लंड कशाला? "तें आधीं काढून टाक," असें आम्हीं जरा चढ्या सुरांत सांगितलें. पुतण्या वाद घालीत बसला नाहीं. त्यानें सॉफ्टवेअरची स्वतःची रोजकीर्द उघडून दाखविली. 'लॉग' नांवाच्या त्या फाइलींत, कोणता देखावा उतरविण्यास किती वेळ लागला, त्याची नोंद होत असते. आल्प्सच्या नांवें एक क्षणही खर्ची पडला नव्हता. दूरचे देखावे जागा अडवितात खरे, पण विमान तिकडे गेल्यावांचून ते उतरविले जात नाहींत. आमचा आरोप सपशेल खोटा ठरला. वेळ खात होती ती आमची मुंबईच.

याचें कारण मोठें मौजेचें आहे. या सॉफ्टवेअरमध्यें पृथ्वी एकेक अंशाच्या चौकोनांत कापलेली असते, आणि एकोणीसावा अक्षांश जातो तो नेमका परळांतून, आमच्या घरापासून उण्यापुऱ्या दोन-अडीच किलोमीटरांवरून. लालबाग एका चौकोनांत, दादर दुसऱ्यांत! दक्षिणेकडच्या चौकोनांत कुलाबा, अलिबाग, मुरूड. उत्तरेकडच्यांत जुहू, वसई आणि थेट डहाणू. जुहूहून निघून घोडपदेव पाहावयाचें तर दोन्ही चौकोन उतरविणें भाग. पुतण्यानें ते दोन्ही अठराव्या पायरीच्या उपग्रहचित्रांनीं मढविले होते. चित्राची सूक्ष्मता एका पायरीनें वाढली कीं त्याचा भार चौपट होतो. म्हणजे सोळाव्या पायरीच्या मानानें अठराव्या पायरीचा भार सोळापट. डहाणूच्या चिकूच्या वाड्या आणि मुरूडच्या नारळी-पोफळी नानांच्या अर्ध्या तासांतून वाटा घेत होत्या.

मग दोघांनीं तीन रात्री बसून मांडामांड केली. अठरावी पायरी ठेविली ती बंदराच्या कांठावरील चिंचोळ्या पट्ट्यापुरती, इतरत्र सोळावी. घरांझाडांची दाटी एक दर्जा कमी केली. हे दोन चौकोन जुन्या फिरत्या तबकडीवरून वेगवान एसएसडीवर नेले आणि मूळ जागीं केवळ शॉर्टकट ठेविला; सॉफ्टवेअरला तेवढी खूण पुरते. जे देखावे नको होते ते पुसले नाहींत. यादीच्या फाइलींत त्यांच्यापुढें 'डिसेबल्ड' असा शब्द लिहिला कीं ते स्वस्थ पडून राहतात.

या यादीचा क्रम आम्हीं एकदां चुकविला आणि जुहूचें विमानतळ अदृश्य झालें. यादींत जें वर तें वरचढ. भूमीचा देखावा विमानतळाच्या वर लिहिला गेला कीं विमानतळ त्याखालीं झांकला जातो. अंगणांत रांगोळी काढून वर सतरंजी अंथरावी, तसें झालें. सौभाग्यवती दारांतूनच म्हणाल्या, "आधीं सतरंजी, मग रांगोळी." संगणकशास्त्रांतील एवढा सुबोध नियम आम्हांस अन्यत्र आढळला नाहीं.

चौथ्या सायंकाळीं पट्टी तीन मिनिटांत भरली. विमान समुद्राच्या कडेनें वरळी, हाजी अली, मलबार हिल करीत कुलाब्यास वळलें, आणि बंदर डाव्या हातास घेऊन उत्तरेस निघालें. बॅलार्ड पियर येतांच नाना पुढें सरकून बसले. भाऊचा धक्का, माझगांवची गोदी, रे रोडचे रूळ त्यांनीं आधीं नांव घेऊन मग बोट दाखवून ओळखले. घोडपदेवावर मात्र गप्प झाले.

"गिरणीची चिमणी कोठें आहे?"

"आजोबा, ती केव्हांच पाडली."

"तें मला ठाऊक आहे. पण चिमणीवांचून आपलें घर ओळखावें कशावरून?"

उपग्रहाचें चित्र आजचें. १८ जानेवारी १९८२ पासूनच्या संपानंतर एकेक गिरणी बंद पडत गेली, त्या आधींचें आकाश त्यांत कोठून असणार? परंतु पुतण्यानें एक दाखला दिला. शिकागोचें मीग्ज नांवाचें विमानतळ २००३ सालीं एका रात्रींत उखडलें गेलें; तरी हौशी वैमानिक आपापल्या संगणकांवर आजही तेथें उतरतात. मग आमची चिमणी कां नसावी? त्यानें एक चिमणी करून यादीच्या अगदीं वर बसविली. तिच्या भारानें घड्याळांत कांहींच फरक पडला नाहीं.

नानांनीं ती पाहिली आणि म्हणाले, "जरा पूर्वेस." दुसऱ्या दिवशीं, "आतां फार पूर्वेस गेली." तिसऱ्या दिवशीं कांहीं बोलले नाहींत. चष्मा काढून पुसला आणि विमान पुन्हां एकदां वळवून आणावयास सांगितलें. आम्हीं घड्याळ पाहिलें. अजून आठ मिनिटें शिल्लक होतीं.