मोठ्याने बोलणारं घर

पनवेलच्या आमच्या जुन्या घरात सगळेच मोठ्याने बोलत. नव्याने आलेल्या पाहुण्याला वाटे, काहीतरी भांडण पेटलंय. भांडण नसायचं. नानाकाका, बापूकाका आणि आत्या या तिघांना कमी ऐकू यायचं आणि त्यांच्याशी बोलून बोलून बाकीच्यांचेही आवाज चढलेलेच राहायचे. शेजारच्यांना आमच्या घरी आज भाजी कुठली आहे ते न विचारता कळे.

तिघांच्या कानांची कारणं वेगळी होती, हे फार उशिरा समजलं. नानाकाका भातगिरणीत हिशेब लिहायचे. तेव्हा पनवेलला भातगिरण्या होत्या आणि भाताचा हंगाम सुरू झाला की इंजिनाचा आणि पट्ट्यांचा धडधडाट दिवसभर थांबत नसे. काकांची पेटी इंजिनाच्या भिंतीलाच लागून. कानात निदान कापूस घालावा, असं त्यांना कुणी सांगितलं नाही. बापूकाका एस.टी.चे ड्रायव्हर. जुन्या गाड्यांत इंजिन ड्रायव्हरच्या शेजारीच असायचं. ते घेऊन वर्षानुवर्षं बोरघाट चढायचा. आत्याचा कान लहानपणी वाहायचा. त्या काळी उपाय एकच, लसणीचं कोमट तेल. पडद्याला भोक असेल तर कानात तेल घालणं घातक, हे आजही कितीतरी घरांत माहीत नसतं.

त्यांच्या पिढीने बहिरेपण वयाबरोबर येणारी गोष्ट म्हणून स्वीकारलं आणि त्याच्याभोवती स्वतःच्या युक्त्या रचल्या. नानाकाका सकाळच्या सातच्या बातम्यांना रेडिओला कान लावून बसत. बापूकाका स्वतःच अखंड बोलत, म्हणजे समोरच्याचं ऐकावं लागत नाही. आत्या लग्नाकार्यात एका कोपऱ्यातली खुर्ची धरून सगळ्यांकडे बघून हसायची आणि कुणी काही म्हटलं की ‘हो हो’ म्हणायची. आम्ही मुलं तिला फार हसरी समजत होतो.

घरात पहिलं कानाचं मशीन आलं ते आत्यासाठीच. खिशात ठेवायची डबी, तिला वायर आणि वायरीच्या टोकाला कानातलं बटण. पुरुषांच्या सदऱ्याला खिसा असतो. आत्या ती डबी पोलक्यात खोचायची. मग पदर घासला की कानात नुसती खरखर. कानातलं बटण सैल बसलं की शिट्टी. सेल संपतील म्हणून ती मशीन फक्त कीर्तनापुरतं लावायची आणि घरी आल्यावर पुसून कपाटात ठेवायची. घरातल्या बोलण्यासाठी सेल खर्च करणं तिला उधळपट्टी वाटे, ही गोष्ट मला अजून टोचते. आत्या गेली तेव्हा ते मशीन जवळजवळ कोरं होतं.

नानाकाकांचं खरं बहिरेपण उघड झालं ते 2020 साली. सगळ्यांच्या तोंडावर मास्क आले आणि काकांना एकदम काहीच समजेनासं झालं. इतकी वर्षं ते आमचे ओठ वाचत होते! ते म्हणायचे, “आवाज येतो रे, पण शब्द कळत नाही.” वयाने किंवा गोंगाटाने कान जातो तेव्हा आधी उंच पट्टीचे आवाज जातात. स्वर ऐकू येतात. स, श, फ, ख, थ निसटतात. ‘साल’ आणि ‘ताल’ सारखेच लागतात. अशा माणसाच्या कानाशी ओरडून उपयोग नसतो. समोर बसून, सावकाश आणि स्पष्ट बोलावं लागतं.

मशिनाची चौकशी सुरू केली तेव्हा एका दुकानात दोन्ही कानांचे मिळून लाखाच्या घरातले आकडे ऐकले. काका तिथेच उठले. “माझं आता किती राहिलंय, एवढे पैसे कशाला?” हे वाक्य त्या पिढीतल्या प्रत्येकाने कधी ना कधी उच्चारलेलं आहे. घरपोच मिळणारं स्वस्त मशीन घ्यावं असंही कुणी सुचवलं. त्यातली बरीचशी नुसता आवाज मोठा करतात: भांड्यांचा, पंख्याचा, माणसाचा, सगळा सारखाच. काकांना हवे होते फक्त हरवलेले सूर. ते भरून द्यायला आधी ऑडिओमेट्री, म्हणजे कुठला सूर किती ऐकू येतो त्याचा आलेख लागतो आणि त्याप्रमाणे मशीन बसवणारा ऑडिओलॉजिस्ट लागतो.

शेवटी रस्ता सापडला तो वांद्रे रेक्लमेशनला, अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत. महाराष्ट्राचे राज्यपाल असलेल्या अली यावर जंग यांच्या नावाची ही केंद्र सरकारची संस्था 1983 पासून वाक् आणि श्रवणाचंच काम करते. पनवेलहून हार्बरने निघायचं, थेट गाडी नसली तर वडाळ्याला बदलायचं, की वांद्रे. तिथे आधी कानातला मळ बघितला, मग बंद खोलीत तपासणी झाली. दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेत किमान 40 टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि महिना साडेबावीस हजारांपर्यंतचं उत्पन्न असेल तर मशीन मोफत मिळतं. त्यापुढे तीस हजारांपर्यंत अर्ध्या किमतीत. प्रमाणपत्रासाठी सरकारी रुग्णालयाच्या खेपा घालाव्या लागतात. त्या घालाव्यातच. काकांना कानामागे बसणारं डिजिटल मशीन मिळालं. पुढे 2024 मध्ये मुख्यमंत्री वयोश्री योजना आली. पासष्टच्या पुढच्या, दोन लाखांच्या आत वार्षिक उत्पन्न असलेल्या ज्येष्ठांच्या खात्यात त्यात एकदाच तीन हजार रुपये येतात. तेवढ्यात डिजिटल मशीन येत नाही, पण काकांचा कानाचा नवा साचा आणि सेल त्यातूनच झाले.

पहिल्या आठवड्यात काका वैतागले होते. ताटं आपटू नका, पंखा बंद करा, नळ सोडू नका. मेंदूला विसरलेले आवाज पुन्हा ओळखीचे व्हायला वेळ लागतो, म्हणून सुरुवातीला शांत खोलीत थोडा थोडा वेळच लावायचं असतं. आणि पनवेलचा पाऊस! इथल्या दमट हवेत मशीन लवकर बिघडतं, म्हणून रात्री सेल काढून ते सिलिका जेलच्या डबीत ठेवायचं. ही जबाबदारी नातीने घेतली. तिने काकांना एकदाही आठवण करून देऊ दिली नाही.

बापूकाकांनी मशीन घ्यायला अखेरपर्यंत नकार दिला. त्यांच्या शेवटच्या वर्षांत त्यांच्याशी बोलायला फारसं कुणी बसत नसे, हे लिहिलं पाहिजे.

तुमच्या घरात कुणी टीव्हीचा आवाज वाढवत असेल, फोन दुसऱ्याच्या हातात देत असेल, पंगतीत नुसतंच हसत असेल, तर दुकानात जाण्याआधी त्यांच्या कानांची तपासणी करून घ्या. योजनेसाठी आधार कार्ड, उत्पन्नाचा दाखला आणि बँकेचं पासबुक जवळ ठेवा. आणि सोबत जा; ऐकू न येणाऱ्या माणसाला खिडकीवरचं बोलणं एकट्याने समजत नाही.