दोनशेपानी वही

माझ्यासमोर एक दोनशेपानी वही आहे. पुठ्ठ्याची शिवण उसवलीय, कडा हाताळून काळपट झाल्यात. आत सगळीकडे माझं अक्षर, निळ्या बॉलपेनातलं, घाईचं. समासात मात्र शिसपेन्सिलीच्या खुणा आहेत. बारीक आणि उजवीकडे कललेल्या, आयुष्यभर मुलांच्या वह्या तपासलेल्या हाताच्या. तो हात अप्पांचा. आज ज्या कामावर माझं पोट चालतं, ते काम या वहीत सुरू झालं.

2004 चा हिवाळा, म्हणजे तिथला जून-जुलै. सिडनीच्या पश्चिमेला हॅरिस पार्कमध्ये विटांच्या एका जुन्या इमारतीत आम्ही चौघं विद्यार्थी दोन खोल्यांत राहायचो. एक हैदराबादचा, एक काठमांडूचा, एक कोट्टायमचा आणि मी. चौघांच्या भाषा वेगळ्या, जेवणं वेगळी. पण ‘द मॅट्रिक्स’चे तिन्ही भाग चौघांनाही तोंडपाठ होते. कुणी एकाने रात्री कपड्यांच्या घड्या घालता घालता विषय काढायचा अवकाश, दोन वाजेपर्यंत वाद रंगायचा.

पहिला भाग 1999 सालचा, दुसरा आणि तिसरा 2003 चे. वाचोव्स्की भावंडांनी हे चित्रपट असे रचलेत की जिथे बोट ठेवाल तिथे काहीतरी सापडतं. नायकाच्या निओ या नावाची इंग्रजी अक्षरं फिरवली की ‘एक’ या अर्थाचा इंग्रजी शब्द होतो. त्याच्या खोलीचा क्रमांक 101. ट्रिनिटी पहिल्यांदा दिसते ती 303 मध्ये आणि निओला गोळ्या लागतात त्याही 303 च्या दारात. आकड्यांचं खातं माझ्याकडे होतं. कोट्टायमचा मित्र सीरियन ख्रिश्चन, त्याच्याकडे बायबल. निओच्या साथीदारांच्या जहाजाचं नाव बॅबिलोनच्या राजाचं, नेबुखद्नेझर, आणि त्यावरच्या धातूच्या पट्टीवर ‘मार्क 3, क्रमांक 11’. तो लगेच मार्कच्या शुभवर्तमानाचा तिसरा अध्याय, अकरावं वचन उघडून दाखवायचा. तिथे अशुद्ध आत्मे येशूपुढे लोटांगण घालून त्याला देवाचा पुत्र म्हणतात. काठमांडूच्या मित्राला चमचा वाकवणाऱ्या त्या मुंडण केलेल्या मुलात सगळा बौद्ध विचार दिसायचा. हैदराबादी मित्राचं म्हणणं सगळ्यांत टोकाचं. दुसऱ्या भागाच्या शेवटी निओ खऱ्या जगातही नुसत्या हाताने यंत्रं थांबवतो, म्हणजे ते खरं जगही खरं नाही, मॅट्रिक्सच्या, म्हणजे यंत्रांनी रचलेल्या आभासी जगाच्या, बाहेर आणखी एक मॅट्रिक्स आहे. त्यावर आमच्यात भांड्यांच्या पाळीवरून झाली नसतील एवढी भांडणं झाली.

एका रात्री दारावर टकटक झाली. स्वेटर, मफलर, पायात मोजे आणि वर रबरी स्लिपर अशा वेषात एक सत्तरीचे गृहस्थ उभे. वरच्या मजल्यावर एक मराठी कुटुंब राहायचं, त्यांचे वडील. सहा महिन्यांसाठी मुलाकडे आले होते.

“रोज रात्री ‘माया, माया’ ऐकू येतं रे तुमच्याकडून,” ते मला म्हणाले. “कुणाची चाललीय ही चर्चा?”

अप्पा वाईचे. हायस्कुलात संस्कृत शिकवून निवृत्त झालेले. मुलगा-सून कामावर, नातू शाळेत, आणि हे दिवसभर ‘अमृतानुभव’ घेऊन खिडकीशी. पुढच्या तीन रविवारी दुपारी ते आमच्याकडे येऊन बसले. भाड्याच्या डीव्हीडी, कुणीतरी टाकून दिलेला जुना टीव्ही आणि गुडघ्यावर पांघरूण. अमेरिकन उच्चार त्यांच्या कानात शिरेनात, म्हणून मी दर वाक्याला चित्र थांबवायचो आणि मराठीत सांगायचो. पुढे ज्याचा व्यवसाय केला त्याचा हा पहिला सराव.

आम्हाला वाटलं होतं, निओला त्या आभासातून जागं करणाऱ्या लाल गोळीपाशी अप्पा खूश होतील. दोरीवर भासलेला साप, ज्ञान झाल्यावर उरलेली दोरी, अगदी शंकराचार्य. ते खूश झालेही, पण अर्धेच. निओ पोट कोरलेल्या एका पुस्तकात चोरट्या डिस्क लपवतो. आम्ही सांगितलं की ते फ्रेंच विचारवंत बोद्रियार यांचं पुस्तक आहे, आभासाने वास्तवाची जागा घेण्याबद्दलचं. अप्पा बराच वेळ त्या कोरलेल्या पुस्तकाबद्दलच हळहळत राहिले. मग म्हणाले, “हे सगळं ठीक. पण हे लिहिणाऱ्याला काय दुखतंय?”

आम्ही गप्प झालो. चौघांपैकी कुणालाच हा प्रश्न पडला नव्हता.

“वर्गात कुठलाही कवी घेतला की मी पहिल्यांदा हेच विचारायचो. अलंकार मागाहून. आधी त्याला काय दुखतंय ते सांगा.”

तिसरा भाग आमच्यापैकी कुणालाच आवडत नव्हता. सगळ्या जगाने नाकं मुरडली होती, आम्हीही मुरडली. चित्रपट संपला, नावं वर सरकू लागली आणि हैदराबादी मित्र रिमोटकडे हात नेतोय तोच अप्पा ताठ बसले.

“थांब. लावू नकोस हात.”

ढोलांच्या ठोक्यांवर गाणाऱ्यांचे आवाज चढत होते. इतक्या वेळा पाहूनही आम्ही ते कधी नीट ऐकलं नव्हतं. नावं सुरू झाली की उठायचं, ही सवय. अप्पांचे ओठ हलू लागले. बृहदारण्यकातला पवमान मंत्र. असत्याकडून सत्याकडे, अंधाराकडून उजेडाकडे, मृत्यूकडून अमृताकडे नेण्याची ती प्रार्थना. लहानपणी शाळेत मी ती रोज म्हटली होती आणि इतक्या पारायणांत मला ओळखू आली नव्हती. त्या संगीतखंडाचं नावच ‘नवरस’ आहे, हे नंतर डीव्हीडीच्या खोक्यावर नाही पण श्रेयनामावलीत शोधून मी त्यांना दाखवलं. मग पावसातली ती शेवटची झुंज पुन्हा लावली, तर तिथल्या समूहगानातही उपनिषदाचेच शब्द. अप्पांनी चष्मा काढून मफलरने पुसला.

त्या संध्याकाळी ते जे बोलले त्याला मी आजही तोड ऐकलेली नाही. ते म्हणाले, पहिला भाग शांकर आहे: जग खोटं, जागे व्हा. पण माउलींना एवढ्यावर भागवता आलं नाही. ‘अमृतानुभवा’चं सातवं प्रकरण सगळ्यांत मोठं आणि ते अज्ञानाच्याच खंडनाला दिलंय. अज्ञान म्हणून काही वस्तूच नाही, मग त्याने रचलेलं खोटं जग कुठून येणार? जे दिसतं तो चैतन्याचा विलास आहे. “आता तुमचा हा पोरगा बघा. तिसऱ्या भागात डोळे जातात त्याचे. आणि डोळे गेल्यावर त्याला ते यंत्रांचं शहर कसं दिसतं? सोन्याच्या उजेडाचं. शत्रूचं शहर! मग तो ते जाळत नाही. तह करतो. मॅट्रिक्स मोडत पण नाही. हा शेवट तुम्हाला फसलेला वाटतो, कारण तुम्हाला साप मारलेला बघायचा होता.”

हैदराबादी मित्राने मग त्याचा सिद्धांत मांडलाच, बाहेर आणखी एक मॅट्रिक्स असल्याचा. अप्पांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं, “त्या बाहेरच्या जगात ती आजी आहे का? बिस्किटं भाजणारी?” ऑरेकलबद्दल बोलत होते. पहिल्या दोन भागांत ती भूमिका करणाऱ्या ग्लोरिया फॉस्टर 2001 मध्ये वारल्या, तिसऱ्या भागात मेरी ॲलिस आल्या. कथेत तो बदल कसा बसवला यावर आम्ही रात्र-रात्र खल केला होता. अप्पांना त्यात अडचणच वाटली नाही. देह बदलला, स्वयंपाकघर तेच, भाजणं तेच, समोर छोटी मुलगी. त्यांच्या लेखी ती प्रोग्रॅम असो की बाई, तिची माया खरी. आणि ‘माया’ या शब्दाचे मराठीतले दोन्ही अर्थ एका वाक्यात वापरल्याचं लक्षात येऊन त्यांचा चेहरा उजळला. काठमांडूचा मित्र म्हणाला, आमच्या नेपाळीतही मायेचा अर्थ प्रेम. त्यानंतर बराच वेळ कुणीच बोललं नाही.

पुढच्या शनिवारी मी त्यांना गाडीने शहरात नेलं. हे चित्रपट मुख्यतः सिडनीतच चित्रित झालेत, स्टुडिओ मूर पार्कला. मार्टिन प्लेसचं कारंजं दाखवलं, लाल कपड्यातली बाई गर्दीतून चालत येते ते. हंटर आणि पिट या रस्त्यांचा कोपरा दाखवला, शेवटी निओ जिथल्या बूथमधून फोन करून आकाशात झेपावतो. मी सांगितलं की पात्रांच्या तोंडी रस्त्यांची जी नावं येतात ती शिकागोची आहेत, कारण वाचोव्स्की तिथल्या. अप्पांना ते फार आवडलं. देह एका गावाचा आणि नाव दुसऱ्या गावाचं, असं म्हणत ते कोपऱ्यावर उभे राहिले, येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे बघत. मला वाटतं, त्या क्षणी ते चित्रपटाबद्दल बोलत नव्हते.

ऑगस्टात मी अडचणीत आलो. ज्या उपाहारगृहात मी भांडी घासायचो, त्याच्या मालकाने तीन आठवड्यांचा पगार बुडवला. सत्र चालू असताना विद्यार्थी व्हिसावर आठवड्याला 20 तासांपेक्षा जास्त काम करता येत नसे. मी ती मर्यादा ओलांडलेली, आणि त्याला ते ठाऊक. तक्रार कुठे करणार? भाडं थकलं. घरी कळवलं नाही, कारण वडिलांनी आधीच कर्ज काढलं होतं. अप्पांना कुणी सांगितलं ठाऊक नाही. ते खाली आले, वादाला बसले, उठताना माझ्या हातात बंद पाकीट दिलं. आत वीस डॉलरच्या लालसर, गुळगुळीत, प्लॅस्टिकच्या वीस नोटा. मुलाने वरखर्चाला दिलेले पैसे त्यांनी सहा महिने खर्चलेच नव्हते.

“अप्पा, हे मी कसे—”

“वाईला ये तेव्हा दे. घाई नाही.”

सप्टेंबरात ते परत गेले. दीड वर्षाने मी सुटीवर आलो, तेव्हा चारशे डॉलरचे रुपये करून वाईला गेलो. त्यांनी पाकिटाला हात लावला नाही. म्हणाले, “पैसे नकोत. त्या तीन सिनेमांचं सगळं बोलणं मला मराठीत लिहून दे. तू थांबवून थांबवून सांगायचास, त्यातलं निम्मं माझ्याकडून निसटलं.” मला आधी ते त्यांचं सौजन्य वाटलं. मग लक्षात आलं की त्यांना खरोखरच हवं होतं.

मला सात महिने लागले. वाद घालायला मला जे चित्रपट पाठ होते, ते मराठीत आणायला बसलो तेव्हा कळलं की मी त्यांतल्या खुणाच पाठ केल्या होत्या. तिसऱ्या भागात निओ एका सुनसान स्टेशनात अडकतो. त्या स्टेशनच्या नावाची अक्षरं फिरवली की स्वर्ग-नरकाच्या मधली अधांतरी जागा होते, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. पण तिथे त्याला रामचंद्र भेटतो, बायको कमला आणि मुलगी सती यांच्यासह. तिघंही प्रोग्रॅम. सतीला नेमून दिलेलं काम नाही म्हणून तिला पुसून टाकणार आहेत, आणि बापाने तिला वाचवायला सौदा केलाय. तो निओला सांगतो की प्रेम हा नुसता शब्द आहे, त्या शब्दाने जो धागा सुचवला जातो तो महत्त्वाचा. कर्म हाही शब्दच, मी इथे जे करायला आलोय ते सांगण्याची एक रीत. हा प्रसंग मी दर वेळी पुढे ढकलून बघायचो.

वहीचं ते पान आता उघडलंय. मी ‘नशीब’ लिहिलं होतं. अप्पांनी त्यावर दोन रेघा मारल्यात आणि समासात लिहिलंय: ‘कर्म म्हणजे नशीब नव्हे. वाट्याला आलेलं काम.’ खाली मी ‘संबंध’ लिहिलं होतं. त्याभोवती गोल आणि शेजारी: ‘संबंध कुणाचाही कुणाशीही असतो. इथे बांधलेपण हवं. अनुबंध पाहावा.’ आज मी चित्रपटांची मराठी सबटायटल्स लिहितो. पडद्यावर दोन ओळींची जागा असते आणि डोळ्याला दोन-चार सेकंद. शब्द अडला की मी अजून या पानापाशी येतो.

आमच्या वेळची कित्येक कोडी पुढे सुटली. पडद्यावरून झरणारी ती हिरवी अक्षरं जपानी पाककृतीवरून घेतली होती, असं ती रचणारे सायमन व्हाइटली यांनी 2017 मध्ये सांगितलं. आणि लाना वाचोव्स्की यांनी 2012 मध्ये, लिली यांनी 2016 मध्ये आपण ट्रान्स स्त्री असल्याचं जाहीर केलं. 2020 मध्ये लिली यांनी सांगितलं की या कथेमागे मूळचा हेतू त्याच रूपांतराचा होता, पण तेव्हाचं चित्रपट-जग त्याला तयार नव्हतं. पांढऱ्या कपड्यातलं स्विच हे पात्र खऱ्या जगात पुरुष आणि मॅट्रिक्समध्ये स्त्री असणार होतं. मी ते वाचलं आणि लॅपटॉप मिटून बसून राहिलो. आम्ही चौघांनी खोल्यांचे क्रमांक मोजले होते, बायबलची वचनं शोधली होती. जन्माने लावलेलं नाव नाकारून स्वतःचं नाव सांगणारा माणूस तिथे पडद्यावर एजंट स्मिथला ओरडून उत्तर देत होता, तो आम्हाला दिसला नाही. लिहिणाऱ्याला काय दुखतंय, हे त्या खोलीत एकाच माणसाने विचारलं होतं.

अप्पांना हे सांगता आलं नाही. ते 2018 साली गेले. वर्षश्राद्धाला मी वाईला गेलो, तेव्हा सुनेने ही वही काढून दिली. म्हणाली, “तुमच्यासाठी ठेवायला सांगितली होती.” शेवटच्या संवादात छोटी सती ऑरेकलला विचारते, निओ पुन्हा दिसेल का. त्याखाली पेन्सिलीने एकच ओळ आहे: ‘सतीचं पुढे काय?’

2021 च्या डिसेंबरात चौथा भाग आला, लाना यांनी एकटीने केलेला. पुण्यात थिएटरात मी एकटाच गेलो. सती मोठी झाली होती, ती भूमिका प्रियांका चोप्रा यांनी केलीय. नावं वर सरकू लागली, लोक उठले, मी अगदी शेवटचं नाव जाईपर्यंत बसलो.

वहीत अकरा पानं कोरी होती. घरी येऊन पहिल्या कोऱ्या पानावर तारीख घातली आणि सतीचे संवाद मराठीत लिहायला घेतले. समास नेहमीपेक्षा रुंद सोडला.