जखऱ्याची पाटी

बायबलमधली ही गोष्ट मला वसईच्या एका सहकाऱ्याने जेवताना सहज सांगितली. लूकच्या शुभवर्तमानात पहिल्याच अध्यायात आहे. जखऱ्या नावाचा म्हातारा याजक, मूलबाळ नाही. मंदिरात देवदूत सांगतो, तुला मुलगा होणार. याचा विश्वास बसत नाही आणि त्याची वाचाच जाते! पुढे बायको अलीशिबा बाळंत होते. आठव्या दिवशी नातेवाईक जमतात, बाळाला बापाचंच नाव ठेवायला निघतात. ती म्हणते, योहान. आता हे नाव तर घराण्यात कुणाचंच नाही. शेवटी बापाला खुणेनं विचारतात. तो पाटी मागवून लिहितो : याचं नाव योहान. आणि वाचा परत येते.

नऊ महिन्यांहून जास्त गप्प असलेला बाप पहिल्यांदा काय बोलेल? मला वाटलं, मुलाचं कौतुक. पण त्याच्या स्तोत्रातल्या 12 वचनांपैकी पहिली 8 देवाची आणि पूर्वजांची आहेत. नवव्यात तो बाळाकडे वळतो आणि म्हणतो काय, तर तू प्रभूच्या पुढे जाऊन त्याची वाट तयार करशील. शेवट होतो अंधारात बसलेल्यांवर पडणाऱ्या पहाटेच्या उजेडावर.

हा प्रसंग मी काळ्या कार्डपेपरात कापायला घेतलाय. आमची मुलगी अडीच महिन्यांची, त्यामुळे रात्री अकरानंतरच हात मोकळे होतात. आतले बारीक भाग आधी कापायचे, बाहेरची कड सगळ्यात शेवटी. आणि उरलेला प्रत्येक तुकडा कुठेतरी जोडलेला हवा, नाहीतर गळून पडतो. पाटीवरच्या नावाची मला धास्ती होती. पण देवनागरीनं वाचवलं! शिरोरेषा पाटीच्या दोन्ही कडांना भिडवली आणि 'योहान' तिला लटकून राहिला.

कापता कापता एक लक्षात आलं. आकाशकंदिलाच्या नक्षीसारखंच इथेही जेवढा कागद काढाल तेवढाच उजेड येतो. जखऱ्यानंही काढलंच की! आधी आपलं नाव काढलं. याजकपण बापाकडून मुलाकडे यायचं, पण योहान अरण्यात निघून गेला, तिथे लोकांना बाप्तिस्मा देऊ लागला. पुढे हेरोदानं त्याचा शिरच्छेद करवला. बापाच्या आशीर्वादात दीर्घायुष्य मागितलेलंच नव्हतं. हे वाचल्यावर मात्र कटर बराच वेळ बाजूला ठेवला होता.

माझी मुलीसाठीची यादी तयार आहे. गणित, पोहणं, माझा राहून गेलेला तबला... नीट पाहिलं तर तिच्यापेक्षा मीच जास्त आहे त्यात. आमच्या धंद्यात दोनशे ओळी डिलीट करूनही प्रोग्राम नीट चालला की तो दिवस चांगला जातो. इथे काय काढायचं आणि कुठली शिरोरेषा ठेवायची, ते सांगणारं टूल नाही.

असो. तबला काल खोडला. गणितावर अजून हात चालत नाहीये!