चार कड्या

बाभुळगावातून कोणत्याही दिशेने निघा, समुद्र लागायला किमान एक रात्र प्रवास करावा लागतो. तालुक्यात बेंबळेचं धरण आहे. तिथे लोक मासे धरतात, फोटो काढतात, पण पाठीवर सिलिंडर बांधून तळाशी जाणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही. त्यासाठी तारकर्लीला जावं लागेल. असं असताना मी गेल्या महिन्यात पाणबुड्यांसाठी बनवलेलं घड्याळ घेतलं. सिटिझनचं, ऑटोमॅटिक, २०० मीटरचं. वरिष्ठ वेतनश्रेणीच्या फरकाची रक्कम जमा झाली होती. बहुतेक घरात गेली, थोडी हातावर आली.

स्टाफरूममध्ये पहिल्याच दिवशी विचारणा झाली, ‘‘सर, बुडी कुठं मारता?’’

मी म्हणालो, ‘‘रोज पाच वेळा मारतो. मशिदीच्या नळाखाली.’’

सगळे हसले, पण मी गंमत करत नव्हतो. नमाजच्या आधी वुजू करावं लागतं हे आमच्या बहुतेक मित्रांना माहीत आहे. त्यात हात कोपरापर्यंत धुणं फर्ज आहे हे कमी जणांना ठाऊक असतं. मनगटावरची जागा कोरडी राहिली तर वुजू पुरं होत नाही. अंगठी तंग असेल तर ती फिरवून खाली पाणी पोचवावं, असं मसाइलच्या पुस्तकांत लिहिलेलं असतं. तोच नियम घड्याळाला. चामडी पट्टा असेल तर तो काढावाच लागतो, कारण चामडं भिजतं, फुगतं आणि आठ-दहा महिन्यांत वास मारायला लागतं. शिवाय दिवसातून पाचदा पट्टा काढायचा आणि पाचदा घालायचा, म्हणजे पट्ट्याचं एकच भोक वर्षाच्या आत लांबट होतं. आमच्या मशिदीत वुजूच्या कट्ट्यावर घड्याळं विसरली जातात. नमाज संपली की कुणीतरी उभा राहून सांगतो, ‘‘एक घड़ी मिली है, जिनकी हो निशानी बताके ले जाएं.’’ निशाणी बहुधा पट्ट्याचीच सांगितली जाते. डायल कुणाला आठवत नाही.

म्हणून माझ्यासारख्या माणसाला पाण्याला न घाबरणारं घड्याळ आणि स्टीलची चेन ही चैन नाही, सोय आहे. (घरी हे पटलेलं नाही.)

हे घड्याळ मुळात जन्मलं ते युद्धाच्या पाण्यातून. फ्रेंच नौदलाच्या पाणबुड्या सैनिकांचा प्रमुख रोबेर मालुबिए याला आपल्या माणसांसाठी खात्रीचं घड्याळ हवं होतं. ब्लाँपां कंपनीचं ‘फिफ्टी फॅदम्स’ १९५३ मध्ये त्या गरजेतून आलं. त्याच सुमारास रोलेक्सचं ‘सबमरिनर’ही आलं. डायलभोवतीची फिरती कडी ही या घड्याळांची ओळख. पाण्यात उतरताना कडीवरची खूण मिनिटकाट्याशी जुळवायची, की खाली किती मिनिटं झाली ते एका नजरेत कळतं. आजच्या घड्याळांत ही कडी एकाच बाजूला फिरते. धक्का लागून सरकलीच तर गेलेला वेळ जास्त दिसतो, कमी कधीच नाही. हवा संपायच्या आधी माणूस वर येतो, उशिरा येत नाही. मी ती अजान ते जमात या मधल्या पंधरा मिनिटांसाठी आणि पस्तीस मिनिटांच्या तासिकेसाठी वापरतो. आठवीच्या मुलांना ते कळलंय. कडी फिरवली की ती वही काढतात.

अशी नावं आपल्याकडे नवीन नाहीत. फेवर ल्युबा ही स्विस कंपनी १८६५ मध्ये मुंबईत आली. पुढे तिची ‘सी-चीफ’ आणि ‘सी-किंग’ ही घड्याळं, ज्यांनी समुद्र फक्त नकाशात पाहिला अशा तलाठ्यांच्या, मास्तरांच्या आणि अडत्यांच्या मनगटांवर दिसू लागली.

तर घड्याळ कुरिअरने आलं. डबा उघडला, हातात घातलं आणि हात खाली सोडला तर ते सरळ अंगठ्याच्या बुडापर्यंत उतरलं. दीडशे ग्रॅमच्या आसपासचं लोखंड. बायको म्हणाली, ‘‘हाताला घड्याळ घेतलंय का घड्याळाला हात?’’ कंपनी चेन लांबच देते. जाड मनगटाच्या माणसालाही पुरावी म्हणून. लांब चेन कमी करता येते, आखूड चेन वाढवायला कड्या शोधत फिरावं लागतं. म्हणजे नवं घड्याळ कुणाचंच नसतं, ते आधी कापून आपलं करावं लागतं. शिंप्याकडे शेरवानी नेतात तसं.

इंटरनेटवर चेन कापायचे सेट मिळतात. मुलगा म्हणाला, अब्बा, व्हिडिओ बघून करू. मी नको म्हणालो. बसस्टँडजवळ एक चाचा बसतात. काउंटर दोन फुटांचं. अर्ध्यात मोबाइलची कव्हरं, अर्ध्यात सेल, पट्टे आणि उघडी पडलेली घड्याळं. कव्हरांवर घर चालतं, घड्याळांवर मन. उर्दूत अशा माणसाला घड़ीसाज म्हणतात, मराठीत आपण घड्याळजी म्हणतो. चाचांना दोन्ही शब्द चालतात.

त्यांनी भिंग डोळ्याला लावलं, चेन उलटी केली आणि मला दाखवली. काही कड्यांच्या आतल्या अंगाला बारीक बाण कोरलेले होते. पिन बाणाच्या दिशेनेच बाहेर ठोकायची आणि परत घालताना उलट दिशेने घालायची. पिनेचं एक टोक चिरलेलं असतं, ते थोडं फाकलेलं राहतं आणि त्यामुळेच पिन कडीत घट्ट बसते. भरीव टोक आधी जातं, चिरलेलं शेवटी. उलटं घातलं तर पिन बसल्यासारखी वाटते आणि महिन्याभरात एक दिवस घड्याळ फरशीवर असतं.

‘‘मास्टर साब, कित्ता ढीला रखना?’’

‘‘वुजू का पानी जाए इत्ता.’’

चाचा हसले. त्यांच्याकडे यायला हेही एक कारण आहे. मोठ्या शोरूममध्ये हे माप सांगता आलं नसतं. तिथे करंगळी घालून बघतात. चेन आणि मनगट यांच्यामध्ये करंगळी गेली की झालं. चाचांचंही माप करंगळीच, पण त्यांनी पुढे दोन गोष्टी केल्या. मला मूठ वळायला लावली, मग हात कोपरापासून वर उचलायला लावला, वुजूत उचलतो तसा. मूठ वळली की मनगट जाड होतं. हात वर उचलला की घड्याळ किती घसरतं ते कळतं. दोन बोटं मागे सरकलं आणि थांबलं तर पाणी त्या जागेवरून वाहून जातं, काढायची गरज राहत नाही.

जास्तीची चेन चिमटीत धरून त्यांनी मोजलं. चार कड्या. मला वाटलं दोन इकडच्या, दोन तिकडच्या. त्यांनी सहाच्या आकड्याकडून तीन काढल्या आणि बाराकडून एक. कारण मनगट गोल नसतं. समसमान काढल्या असत्या तर बक्कल माझ्या मनगटाच्या मध्यावर न राहता करंगळीच्या बाजूला गेलं असतं, आणि हजेरीपत्रकावर डावा हात टेकला की हाडाला टोचलं असतं. हे कंपनीच्या पुस्तिकेत नव्हतं.

आता राहिलं बक्कल. त्याच्या कडेला ओळीने चार बारीक भोकं असतात. आतली स्प्रिंगची पिन सुईसारख्या हत्याराने दाबून एका भोकातून दुसऱ्यात नेता येते. एका भोकाचा फरक दोन-तीन मिलिमीटर. बक्कलमध्ये आणखी एक घडी दडलेली होती. ती उलगडली तर चेन एकदम इंचभर वाढते. ‘‘ये समंदरवालों के लिए,’’ चाचा म्हणाले. रबरी पोशाखावरून घड्याळ बांधता यावं म्हणून. त्यांनी ती परत दुमडून दाबली.

पाणबुड्यांच्या घड्याळाचं एक आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ ६४२५. त्यात लिहिलेल्या खोलीच्या सव्वापट दाबाखाली घड्याळ तपासावं लागतं, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. पण त्यात पट्ट्याचीही परीक्षा आहे. पट्टा जिथे घड्याळाला जोडला जातो तिथे २०० न्यूटन ओढ लावतात, म्हणजे साधारण वीस किलोचं ओझं. घड्याळ कितीही भक्कम असो, काडीएवढी पिन सुटली तर ते तळाला जातं.

चाचांनी पिन मधल्या भोकात ठेवली. माझ्या हाताला पहिल्या भोकातही ती चालली असती. ‘‘आखरी छेद पे कभी फिट नहीं करते मास्टर साब. हाथ बदलता है.’’

हे वाक्य त्यांनी मला आधीही ऐकवलं होतं, म्हणून मी काही बोललो नाही.

अब्बांना निकाहमध्ये नानांनी एचएमटी दिली होती. १९७८ साल. त्या काळात जावयाला एचएमटी दिली की सासऱ्याची मान ताठ राहायची. बेंगळुरूच्या त्या सरकारी कारखान्याला १९६१ मध्ये घड्याळं बनवायला शिकवलं ते जपानच्या सिटिझननेच. त्या अर्थाने आम्हा बापलेकांची घड्याळं एकाच घराण्यातली. २०१६ मध्ये सरकारने ते घड्याळांचं काम बंद करायचं ठरवलं तेव्हा अब्बा म्हणाले होते, ‘‘कारखाना बंद होऊ दे, माझी चावी चालू आहे.’’ सकाळी फजरनंतर चावी द्यायचे. अठ्ठावीस वेढे, मनात मोजून.

जिनिंगमध्ये गाठी उचललेला हात होता. चेन मूळच्या मापात कधी कमी करावी लागली नव्हती. मग साखर, मग मूत्रपिंड. पहिल्यांदा मी दोन कड्या काढून आणल्या तेव्हा अब्बांना ते चांगलं वाटलं, घड्याळ ‘‘नवं झालं’’ म्हणाले. पाच महिन्यांनी आणखी दोन. तिसऱ्या वेळी चाचांनी एक कडी काढली, पैसे घेतले नाहीत आणि सांगितलं की आता काढण्यासारखी कडी उरली नाही. घड्याळाजवळच्या कड्या पक्क्या जोडलेल्या आहेत, त्या निघत नाहीत.

शेवटच्या काळात पाणी लावायला डॉक्टरांनी मना केलं. अब्बा तयम्मुम करायचे, म्हणजे पाण्याऐवजी स्वच्छ मातीवर हात फिरवून चेहऱ्यावर आणि हातांवरून फिरवायचे. त्यासाठीही घड्याळ काढावं लागतं. ते काम माझ्याकडे होतं. एकदा असरच्या वेळी मी बक्कल उघडायला गेलो, तर न उघडताच घड्याळ पंजावरून निघून माझ्या हातात आलं. बंद चेन, जशीच्या तशी. अब्बांनी ते पाहिलं. त्यांनी विचारलं, ‘‘किती वाजले?’’ मी वेळ सांगितली. नमाज झाल्यावर मी घड्याळ परत तसंच, बंद चेनमधून हात घालून चढवलं.

दुसऱ्या दिवशी चाचांनी कापडी पट्टा बसवून दिला. हव्या त्या ठिकाणी गरम सळईने भोक पाडता येतं म्हणून. अशी तीन भोकं पडली.

मराठीत आपण म्हणतो, त्याची घटका भरली. हा वाक्प्रचार वर्गात शिकवताना मी मुलांना घटिकापात्र सांगतो. तांब्याची वाटी, तिच्या तळाला बारीक छिद्र. पाण्यावर ठेवायची. ती हळूहळू भरते आणि चोवीस मिनिटांनी बुडते. ती एक घटका. अशा साठ घटकांचा एक दिवस. लग्नाचा मुहूर्त साधायला जुन्या काळी हीच वाटी मांडत. घड्याळ हा शब्दही त्याच घटकेच्या कुळातला. म्हणजे आपल्याकडचं जुनं घड्याळ बुडायचं तेव्हाच वेळ सांगायचं. माझ्या हातातलं बुडूनही चालू राहतं याचा मुलांना फार आनंद होतो. एकाने विचारलं, ‘‘सर, मग याची घटका कशी भरते?’’ मी त्याला फळा पुसायला लावलं.

अब्बांच्या पाच कड्या अम्मीने सुपारीच्या जुन्या डबीत ठेवल्या आहेत. माझ्या चार कड्या आणि त्यांच्या पिना चाचांनी कागदाच्या पुडीत बांधून दिल्या, तर अम्मीने न विचारता तीच डबी पुढे केली. दोन्हींची रुंदी वेगळी, एकमेकांत बसणार नाहीत, हे मी तिला सांगितलं. ‘‘राहू दे,’’ म्हणाली.

मुलगा अकरावीत आहे. परवा त्याने घड्याळ मागून घातलं. माझ्या मापाला कापलेली चेन त्याच्या हातावर बक्कलपर्यंत आली आणि अडली. एक कडी परत घालावी लागेल. तो डबी आणायला उठला, मी म्हटलं आत्ता नको.

मे महिना लागला आहे. यवतमाळ जिल्ह्यातला मे कसा असतो ते वेगळं सांगायला नको. दुपारी दोनच्या सुमारास मनगट फुगतं, चेनचा ठसा कातडीवर उमटतो आणि जोहरच्या वुजूत पाणी खाली जात नाही. काल पिन एक भोक बाहेर सरकवली. आता मूठ वळून पाहिली, बरोबर आहे. पावसाळ्यात परत आत घ्यावी लागेल.