सावडीने सजलेले घर

आपल्या समाजातील तरुण जोडपी हल्ली पहिले घर घेतात, तेव्हा आम्हा वडीलधाऱ्यांकडे दोन कामांसाठी येतात. एक, मलिद्याचे पोहे किती भिजवायचे हे विचारायला, आणि दुसरे, थोडक्या पैशांत घराची डागडुजी कशी उरकावी हे विचारायला. पोह्यांचे माप आम्ही तोंडी सांगतो. डागडुजीची, म्हणजे ज्याला येथे सर्वजण शिपुत्सिम म्हणतात त्याची, हकीगत मात्र जरा लांबलचक आहे. ती एकदा लिहूनच काढावी म्हणून हा प्रपंच.

आम्ही 1976 साली मुंबईहून इस्राएलला आलो. माझगावच्या शाळेत मराठी शिकून मॅट्रिक झालेलो, हिब्रूचा गंध नाही. उलपानात अक्षरे गिरवली, बेर शेवाला नर्सिंगचे शिक्षण घेतले आणि 1983 साली लग्न होऊन डिमोनाला आलो. चार वर्षे भाड्याच्या घरात काढली. 1987 च्या जुलैमध्ये स्वतःच्या घराची किल्ली हाती आली. घर म्हणजे साठच्या दशकात बांधलेल्या शिकूनमधले, 54 चौरस मीटरचे, अडीच खोल्यांचे. रस्त्यापासून सात पायऱ्या चढल्या की दार. नळातून तांबूस पाणी येई, उत्तरेच्या भिंतीवर काळी बुरशी होती आणि निम्म्या खिडक्यांचे त्रीसीम अर्ध्यावर अडकलेले होते.

घर घेण्यातच शिल्लक संपली होती. बँकेचे कर्ज महागाईच्या निर्देशांकाशी बांधलेले असे. 1984 ची महागाई आणि 1985 साली जुन्या एक हजार शेकेलचा एक नवा शेकेल झालेला आम्ही डोळ्यांनी पाहिला होता, तेव्हा आणखी कर्ज काढण्याची छाती होईना. दागिना मोडायचा नाही, हेही ठरलेले. सर्व बाजूंनी जमवाजमव करून 6,000 नवे शेकेल डागडुजीसाठी उभे राहिले.

एवढ्या पैशांत सावकाश, वर्ष-दोन वर्षांत काम करता आले असते. पण आम्हांला घाई होती. आदल्या हिवाळ्यात सासूबाईंचे खुब्याचे हाड मोडले होते. शस्त्रक्रिया चांगली झाली, वॉकर धरून त्या चालू लागल्या. पण त्या राहत होत्या मोठ्या दिरांकडे, तिसऱ्या मजल्यावर. इमारतीला लिफ्ट नाही. पाच महिने त्यांनी रस्ता पाहिला नव्हता, सिनेगॉगचे दार पाहिले नव्हते. कोणीतरी भल्या माणसाने बेत आवोतचे, म्हणजे वृद्धाश्रमाचे नाव सुचविले. सासूबाई काही बोलल्या नाहीत. फक्त त्या रात्री जेवल्या नाहीत. म्हणून आमच्या यजमानांनी शब्द दिला की, ‘आई, नव्याच्या सणाला तू आमच्या घरी असशील.’ सण सप्टेंबरअखेर होता. हाती दोन महिने.

शब्बाथ सुटल्यावर एका रात्री सारे कुटुंब बसले. मोठे भाऊजी, जाऊबाई, अश्दोदहून आलेला आमचा धाकटा भाऊ, जो लाद्या बसविण्याचे काम करी, आणि यजमानांची मावशी. प्रत्येकाने आपले मत मांडले. कोणाला नवे स्वयंपाकघर हवे, कोणाला दिवाणखान्यात भिंतभर कागद. आम्ही वॉर्डातला नियम सांगितला. रोगी आला की आधी त्याचा श्वास पाहावयाचा, मग रक्त थांबवावयाचे. केस विंचरणे सर्वांत शेवटी. घराचेही तसेच. पाणी, वीज आणि ओल ही तीन दुखणी आधी. शोभा मागाहून, पैसे उरले तर. आणि ज्या माणसाचे शरीर सर्वांत दुबळे, त्याच्या मापाने न्हाणीघर.

पाण्याचे जुने नळ लोखंडी, जस्ताचा मुलामा दिलेले. असे नळ आतून गंजतात, गंज साचत साचत भोक करंगळीएवढे होते, म्हणून पाणी तांबूस आणि धार बारीक. येथील जुन्या घरांत लादीखाली वाळूचा थर असतो आणि नळ त्याच वाळूतून जातात. ते बदलायचे तर सगळी जमीन उखडावी लागेल, असे पहिल्या कंत्राटदाराने सांगितले व आकडाही तसाच सांगितला. भाऊजी म्हणाले, ‘जुने नळ वाळूतच झोपू द्या. नवे भिंतीवरून उघडे न्या. दिसायला बरे दिसणार नाहीत, पण गळला तर कोठे गळतो ते दिसेल.’ तसेच केले आणि जमीन वाचली. छपरावर दूद शेमेश बसविला. 1980 पासून नव्या घरांना तो कायद्यानेच लागे, पण आमच्या जुन्या इमारतीत ज्याचे त्याने पाहावयाचे होते. नेगेवचे ऊन फुकट, तेव्हा तो खर्च आम्ही डोळे मिटून केला.

न्हाणीघरात एक खोल टब होता. खुब्याची शस्त्रक्रिया झालेल्या बाईने त्याची कड ओलांडावयाची म्हणजे पुन्हा इस्पितळाची वाट. टब काढला. भावाने उंबरठा फोडून जमीन एका पातळीवर आणली, मोरीकडे उतार दिला आणि गुळगुळीत लाद्यांऐवजी खरखरीत लाद्या बसविल्या. स्टुलावर बसून बादली-तांब्याने अंघोळ करता येईल अशी, आपल्या मुंबईच्या घरात असे तशी मोरी डिमोनात तयार झाली. दार पूर्वी आत उघडे. ते फिरवून बाहेर उघडणारे केले. हे आम्ही हट्टाने करवून घेतले. माणूस आत पडला तर त्याच्याच अंगाने दार अडते आणि बाहेरच्यांना ढकलता येत नाही. असे पडलेले रोगी आम्ही पाहिले आहेत.

विजेच्या कामाने मात्र घरात वीज पडली. भाऊजी मुंबईच्या कापड गिरणीत अठरा वर्षे फिटर होते. 1971 साली येथे आले तेव्हा भाषा येईना, म्हणून कारखान्यात प्रथम झाडू मिळाला, नंतर यंत्रांना तेल घालण्याचे काम. हातात कसब असून ते कोणी विचारीत नाही, हे शल्य त्यांनी कधी बोलून दाखविले नव्हते. आमच्या घराची वीज आपण करू, असे त्यांनी मनात धरले होते. पण येथे 1954 च्या कायद्याप्रमाणे परवानेवाल्याखेरीज कोणी तारांना हात लावू शकत नाही. यजमानांनी परवानेवाला इलेक्ट्रिशियन बोलावला हे कळताच भाऊजी म्हणाले, ‘गिरणीच्या मोटरी मी सांभाळल्या आणि माझ्या आईच्या खोलीला बाहेरचा माणूस?’ हत्यारांची पेटी उचलून ते निघून गेले. आठ दिवस आले नाहीत. सासूबाई त्यांच्याच घरी, त्यामुळे आम्हांला जाणेही अवघड झाले.

शेवटी सासूबाईच त्यांना बोलल्या. जाऊबाईंनी पुढे आम्हांला सांगितले ते असे: ‘अरे बाबा, विजेला नातेगोते कळत नाही. उद्या काही झाले तर तुझ्या भावाला कोण विचारील? तुझे काम वेगळे आहे, ते तू कर.’ शुक्रवारी सकाळी यजमान त्यांच्याकडे गेले. विजेचे नाव काढले नाही. म्हणाले, ‘दादा, आईला धरून उठायला न्हाणीघरात दांडी हवी. भिंत पोकळ ब्लॉकची आहे. स्क्रू उपटून येतो. मला जमत नाही.’

भाऊजी त्याच दुपारी आले. भिंतीवर बोटे वाजवून पाहिली, आरपार भोके पाडली, मागच्या बाजूने लोखंडी पट्टी लावून लांब बोल्टांनी दांडी आवळली. मग तिला दोन्ही हातांनी लोंबकळले. दांडी हलली नाही. पुढे इलेक्ट्रिशियन आला तेव्हा भिंतीतले चर भाऊजींनीच पाडून ठेवले होते. तारा मात्र त्याने घातल्या. चर पाडण्याची मजुरी वाचली, विजेची गळती होताच प्रवाह तोडणारे यंत्र बसले आणि भाऊजी त्याच्या कामावर गिरणीतल्या मुकादमासारखे लक्ष ठेवून उभे राहिले. दोघांची चांगली गट्टी जमली.

ओलीचे कारण छपरात नव्हते. वाळवंटात पाऊस तो किती! कारण होते रॉकेलची शेगडी. एक लिटर रॉकेल जळले की सुमारे एक लिटर पाणी वाफ होऊन हवेत जाते, आणि बंद खोलीत ते सर्वांत थंड भिंतीवर जमते. वर तेलरंग फासून बुरशी जात नाही. आम्ही बायकांनी हातमोजे घालून, खिडक्या उघड्या टाकून, पातळ ब्लीचने भिंत धुतली, पंधरा दिवस उन्हावाऱ्यात वाळू दिली, सुटलेले प्लास्टर खरवडून नवे लावले आणि मग रंग दिला. येथे एक सूचना: ब्लीच आणि संडास धुण्याचे आम्ल कधी एकत्र करू नये, त्यातून विषारी वायू निघतो. सासूबाईंच्या खोलीत पुढे विजेची शेगडी ठेवली.

बाकीचे भराभर झाले. लाद्या जुन्याच, फुटलेल्या तेवढ्या बदलल्या. स्वयंपाकघराची कपाटे घासून रंगविली. काम संध्याकाळी आणि शुक्रवारी सकाळी चाले. शुक्रवारी दुपारी बारा वाजता हत्यारे खाली, असा दंडक होता. मावशी मोठ्या पातेल्यात खिचडी घेऊन येत.

सासूबाईंचे माहेर अलिबागजवळचे. कोकणात शेतीच्या कामाला एकमेकांकडे राबायला जातात, त्याला सावड म्हणतात. आज तुम्ही माझ्याकडे, उद्या मी तुमच्याकडे. त्यांनी निरोप पाठविला: ‘ही सावड आहे, उपकार नव्हेत. वहीत मांडून ठेवा.’ आम्ही वही केली. एका बाजूला पैसे: नळ आणि न्हाणीघर 2,100, वीज 1,150, दूद शेमेश 900, प्लास्टर व रंग 600, त्रीसीम 450, लाद्या 350, एकूण 5,550. उरलेल्या 450 शेकेलमध्ये सासूबाईंचा पलंग आला. दुसऱ्या बाजूला दिवस: भाऊजी 31, भाऊ 14, जाऊबाई 12, मावशी खिचडीसह 9.

सणाच्या तीन दिवस आधी सासूबाई आल्या. तिसऱ्या मजल्यावरून त्यांना दोन्ही मुलांनी खुर्चीत बसवून उतरविले. आमच्या सात पायऱ्या मात्र त्या कठडा धरून स्वतः चढल्या. मेझूझा लागला, एलियाहू हानबीचा मलिदा झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी मोरीतून तांब्याचा आवाज ऐकू आला, तो बराच वेळ चालला होता. त्या घरात त्या अकरा वर्षे राहिल्या आणि 1998 साली आपल्याच अंथरुणात गेल्या.

वहीतले दिवस आम्ही फेडत गेलो. भावाच्या घराला रंग दिला, मावशींच्या आजारपणात रात्री काढल्या. भाऊजींनी 1990 साली तळमजल्यावर घर घेतले तेव्हा नऊ दिवस फेडले. 2009 साली ते वारले तेव्हा बावीस बाकी होते. गेल्या वर्षी त्यांच्या नातवाने बेर शेवाला घर घेतले. आमचे गुडघे आता शिडी चढत नाहीत. आमच्या मुलाने रजा काढून अकरा दिवस काम केले. नातवाने मजुरीची गोष्ट काढली तेव्हा त्याला वही दाखविली. आजोबांचे नाव आणि पुढे 31 हा आकडा त्याने बराच वेळ पाहिला. मराठी त्याला वाचता येत नाही, नाव मुलाने वाचून दाखविले.

आता नवीन घर घेणाऱ्यांसाठी थोडे. आधी भिंतीच्या आतले पाहा, मग बाहेरचे. जुन्या बाल्कनीवर अॅस्बेस्टॉसचे पत्रे असतील तर ते स्वतः कापू वा फोडू नका. त्याची धूळ फुप्फुसांचा घात करते, आणि 2011 च्या कायद्याप्रमाणे ते काढण्याचे नियम कडक आहेत. कोणतीही भिंत पाडण्यापूर्वी इंजिनिअरला आणि वाआद बायितला विचारा. दहा शेकेलांतला एक अनपेक्षित खर्चासाठी बाजूला ठेवा. घरच्यांना ज्याचे कसब त्यालाच ते काम द्या, आणि कायद्याने परक्याचे असेल ते परक्यालाच. राबणाऱ्याला वेळेवर जेवू घाला. आणि एक वही करा.

वाचकांपैकी जे नव्या घरात जात असतील त्यांना आमच्या शुभेच्छा. पोहे भिजवायला बोलवा, आम्ही येऊ.