नवतपा आणि दीड टन

आम्ही नागपुरात सगळ्यात वरच्या मजल्यावर राहतो. वर थेट गच्ची. बाबांची खोली अकरा बाय चौदा फूट, तिची पश्चिमेची भिंत पूर्ण उघडी. मे महिन्यात रात्री अकरालाही ती भिंत हाताला गरम लागते.

इतकी वर्षं खिडकीला कूलर होता. एप्रिल-मेमध्ये तो उत्तम चालायचा. हवा कोरडी असते, वाळ्याच्या ताट्या ओल्या राहिल्या की खोली गार. अडचण मृग लागल्यावर. हवा दमट झाली की कूलर नुसता ओलावा फेकतो. २०२३ च्या जूनमध्ये त्या दमट हवेत बाबांना धाप लागायला लागली आणि डॉक्टरांनी कूलर बंद करायला सांगितलं. एसीचा विषय निघाला की बाबा म्हणायचे, "कायले पायजे? बिल किती येते त्याचं!" मीही लगेच गप्प बसायचो. बिलाची धास्ती त्यांच्यापेक्षा मलाच जास्त होती.

२०२४ च्या फेब्रुवारीत शेवटी घ्यायचं ठरलं. मार्चनंतर दुकानदार भाव पाडत नाहीत आणि बसवणारी माणसंही लवकर मिळत नाहीत, म्हणून थंडीतच सीताबर्डीच्या दुकानांत गेलो. डोक्यात फक्त कंपन्यांची नावं होती: व्होल्टास, ब्लू स्टार, एलजी, डाइकिन, ओ जनरल. प्रत्येक दुकानात वेगळी कंपनी सगळ्यात चांगली निघाली. जिच्यावर कमिशन जास्त, ती चांगली असणार.

एक सेल्समन म्हणाला, "भाऊ, हा पंचावन्न डिग्रीतही चालते. आपल्या नागपूरसाठीच बनला समजा." नागपूरचा पारा २०१३ च्या मेमध्ये ४७.९ पर्यंत गेला होता, त्यामुळे हे ऐकायला बरं वाटलं. पण "चालते" म्हणजे कॉम्प्रेसर बंद पडत नाही, एवढंच. बाहेर पंचेचाळीस असताना खोली किती गार होईल, ते त्यात येत नाही. एसीची क्षमता मोजतात ती बाहेर ३५ अंश धरून. त्याच्या वर जसजसं तापमान जातं तसतशी क्षमता घटते. काही कंपन्या माहितीपत्रकात ४३ किंवा ४६ अंशांचा आकडाही देतात. मी तो मागायला लागलो. दोन दुकानांत कागद निघाला, बाकीच्यांनी विषय बदलला.

दुसरी गोष्ट स्टारच्या स्टिकरवरून कळली. एक टन म्हणजे साधारण साडेतीन किलोवॅट, म्हणजे दीड टनाला सव्वापाचच्या वर हवे. पण खोक्यावर "१.५ टन" लिहिलेल्या मशीनच्या स्टिकरवर कुठे ४,७०० वॅट होते, कुठे ५,२०० च्या पुढे. किंमत जवळपास सारखीच. वर गच्ची आणि बाजूला पश्चिमेची भिंत असल्यावर हा फरक आम्हाला सोडून चालणार नव्हता. कमी आकड्याची मॉडेलं तिथेच बाद केली, कंपनी कितीही मोठी असली तरी.

मग तीन स्टार की पाच? स्टिकरवर वर्षाची युनिटं छापलेली असतात, १,६०० तास वापर धरून. मी पाहिलेल्यांपैकी पाच स्टारवाल्यावर साडेसातशेच्या आसपास होती, तीन स्टारवाल्यावर साडेनऊशेच्या. दोनशे युनिटांचा फरक. आमचा वापर मात्र त्या तासांच्या निम्माच होणार होता, कारण रात्रीचे आठ तास आणि तेही तीन-साडेतीन महिनेच. म्हणजे वर्षाला शंभरेक युनिटं वाचणार आणि त्यासाठी आठ हजार जास्त मोजायचे. सगळे आकार धरून युनिटला बारा-तेरा रुपये लावले तरी ते पैसे सहा वर्षांनी वसूल होतात. मी तीन स्टारचा घेतला. दिवसभर एसी लावणाऱ्या घराने पाच स्टारच घ्यावा, तिथे हिशोब उलटा होतो. आणि स्टिकरवरचा कालावधी वाचा. स्टारचे निकष मधूनमधून कडक होतात, २०२६ च्या जानेवारीतही झाले. जुन्या पाच स्टारची नव्या पाच स्टारशी बरोबरी करू नका.

"हॉट अँड कोल्ड" घ्यावा का, यावर घरात बरीच चर्चा झाली. जानेवारीत आमच्याकडे कधी कधी पारा दहाच्या खाली जातो आणि बाबांना थंडी सोसत नाही. असा एसी साध्या हीटरपेक्षा निम्म्याहून कमी विजेत तेवढीच ऊब देतो, कारण तो बाहेरच्या हवेतली उष्णता आत ओढतो. पण अशी मॉडेलं मोजकी, ऑर्डर देऊन मागवावी लागणारी. पार्टही उशिराच येणार. पंधरा-वीस दिवसांच्या थंडीसाठी ते नको म्हटलं. हीटर आहेच.

खरा निर्णय झाला तो आमच्या गल्लीतल्या एसी मेकॅनिकशी बोलल्यावर. तो कुठल्याही कंपनीचा माणूस नाही. त्याने एकच विचारलं, "काका, मे महिन्यात बिघडला तर कोण येईन?" मग त्याने सांगितलं की नागपुरात कोणत्या कंपनीची सर्व्हिस स्वतःची आहे, कोणाची दुसऱ्याला दिलेली आहे, आणि कोणाचा पीसीबी, म्हणजे आतली सर्किटची प्लेट, बाहेरून मागवावा लागतो. इन्व्हर्टर एसीत कॉम्प्रेसरपेक्षा हा पीसीबीच जास्त वेळा जातो म्हणाला. जाहिरातीत मोठ्या अक्षरात असते कॉम्प्रेसरची दहा वर्षांची वॉरंटी. मी खालची बारीक अक्षरं वाचली. एका कंपनीची पीसीबीवर पाच वर्षं होती, दुसऱ्या एकीची एकच. गॅस, गंजलेली कॉइल, भेटीचे पैसे, प्रत्येकाचं वेगळं होतं. शेजारच्या बिल्डिंगमध्ये ज्यांच्याकडे एसी होते त्यांनाही विचारलं, मशीन कसं आहे ते नाही, तक्रार केल्यावर माणूस किती दिवसांनी आला ते.

शेवटी घेतला त्या कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. आमच्या भागात तिची सर्व्हिस चांगली आहे, तुमच्या भागात असेलच असं नाही.

बसवायच्या दिवशी मात्र गडबड झाली. बसवणारे दोघे आले, भिंतीला भोक पाडलं, पाइप जोडला आणि व्हॅक्यूम पंप न लावताच गॅस सोडायला निघाले. थोडा गॅस सोडून आतली हवा हाकलून देतो, सगळीकडे असंच करतो म्हणाले. गल्लीतल्या मेकॅनिकने माझ्या बायकोला आधीच बजावून ठेवलं होतं की पंपाशिवाय हात लावू द्यायचा नाही. पाइपात हवा आणि ओल राहिली तर गारवा कमी पडतो आणि कॉम्प्रेसरचं आयुष्य घटतं. तिने सरळ सांगितलं, "पंप आणा, नाहीतर मशीन घेऊन जा." दुसऱ्या दिवशी पंप आला. "फ्री इन्स्टॉलेशन"मध्ये तीन मीटरच पाइप होता. त्यावरचा पाइप, स्टँड, ड्रेनचा पाइप यांचे वेगळे पैसे झाले, ते हजारांत गेले. भाव ठरवतानाच हे लिहून घ्या.

विजेची लाइनही नवीन टाकावी लागली. मीटरपासून ४ चौरस मिमीची वेगळी तार, वेगळा एमसीबी आणि अर्थिंग तपासून घेतलं. खोक्यावर स्टॅबिलायझर नको असं लिहिलेलं असतं, पण त्यासोबत व्होल्टेजची मर्यादाही लिहिलेली असते. आमच्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळी व्होल्टेज फार पडतं. स्टॅबिलायझर लावला.

मे अखेरच्या नवतप्यात कधी दुपारीही एसी लावला, तर तो अधूनमधून गारवा देईनासा झाला. आउटडोअर युनिट गच्चीवर होतं. ऊन लागू नये म्हणून कोणीतरी त्याला तीन बाजूंनी हिरवी जाळी गुंडाळली होती, त्यामुळे गरम हवा तिथल्या तिथे फिरत होती. मेकॅनिकने जाळी काढून हातभर वर आडवी बांधली, सगळ्या बाजू मोकळ्या सोडल्या. तक्रार संपली. त्याच आठवड्यात नागपुरात एका स्वयंचलित केंद्रावर ५६ अंश नोंदले गेले होते. नंतर हवामान खात्याने सेन्सर बिघडल्याचं सांगितलं, पण तोवर बिल्डिंगमध्ये सगळे मला "तुमचा पंचावन्नवाला चालू आहे का?" विचारून गेले. गच्चीवर पांढरा रंगही मारला. खोलीच्या छताला फरक पडला, भिंतीला नाही.

पहिलं बिल आलं ते मी एकट्यानेच आधी पाहिलं. महावितरणच्या तीनशे युनिटांच्या टप्प्याच्या वर गेलो होतो, पण चढा दर फक्त वरच्या युनिटांना लागतो, सगळ्या बिलाला नाही. मी मनात धरलं होतं त्याहून कमीच होतं. बाबा २६ वर लावतात, सोबत पंखा. त्यापेक्षा खाली त्यांना सोसत नाही.

कूलर विकला नाही. एप्रिल-मेमध्ये हॉलमध्ये अजून तोच चालतो, बाबाही दुपारी तिथेच बसतात. मृग लागला की ताट्या काढून ठेवतो आणि मग फक्त एसी. फिल्टर दर पंधरा दिवसांनी नळाखाली धुतो. त्याला कोणाला बोलवावं लागत नाही.